आधी आई पाहावी : सोलापुरात लहान जातीचे पिल्लू निवडताना

लहान जातीचे कुत्रे घ्यायचे असे घरात ठरले की पहिली चर्चा बहुधा रंगाची होते, दुसरी किमतीची आणि तिसरी नावाची. पिल्लाची आई कशी आहे, ती कोठे राहते आणि तिचे हे कितवे बाळंतपण आहे, हे प्रश्न बऱ्याचदा निघतच नाहीत. मी गेली अनेक वर्षे घरी लहान कुत्री पाळत आलो आहे आणि ओळखीच्या कुटुंबांबरोबर पिल्लू पाहायला वरचेवर जात आलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की पिल्लाची निवड ही मुख्यतः ब्रीडरची, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याची, निवड असते आणि ब्रीडरची पारख ही मुख्यतः त्याच्याकडच्या मादीची पारख असते. मात्र त्याच्याही आधी जात निश्चित करावी लागते आणि सोलापुरात राहणाऱ्या माणसाला ती उन्हाळ्याला विचारूनच निश्चित करावी लागते.

उन्हाळ्याला मानवणारी जात

एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि कित्येक दिवशी तो ४२-४३ अंशांना टेकतो. स्लॅबच्या वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत रात्री अकरा वाजतासुद्धा भिंती हाताला गरम लागतात. माणसाला घाम येतो, कुत्र्याला तसा येत नाही. पंजाच्या तळव्यांना थोडा घाम सुटतो, पण अंग थंड ठेवण्याचे खरे काम कुत्रे जीभ बाहेर काढून, धापा टाकून करते आणि त्यासाठी नाकपुड्यांपासून घशापर्यंतचा मार्ग मोकळा असावा लागतो. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तरी निवड बरीच सोपी होते.

पगचेच उदाहरण घेऊ. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे हे कुत्रे देशभर लाडके झाले आणि आजही सोलापुरात लहान कुत्रे म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे तेच येते. त्याचा स्वभाव खरोखरच मायाळू असतो. परंतु चेहरा चपटा असल्यामुळे त्याच्या नाकपुड्या अरुंद असतात, टाळूचा मऊ भाग घशात लोंबतो आणि धापा टाकूनही पुरेशी हवा आत-बाहेर होत नाही. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या पुढे गेले तर जिवावर बेतते, आणि पगच्या बाबतीत मे महिन्यातल्या बंद खोलीत तेथवर पोचायला फार वेळ लागत नाही. ज्या घरात दुपारभर कूलर किंवा एसी चालू ठेवायला कोणी नसते, त्या घराने सोलापुरात पग घेऊ नये, असे मला स्पष्ट सांगावेसे वाटते. घ्यायचाच असेल तर पिल्लाच्या नाकपुड्या फटीसारख्या आहेत की गोल उघड्या आहेत ते पाहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या आईला दहा मिनिटे अंगणात चालवायला सांगून तिचा श्वास किती वेळात शांत होतो ते घड्याळ लावून मोजावे. सावलीत बसवूनही जी मादी बराच वेळ घर्र घर्र आवाज करत राहते, तिच्या पिल्लांकडून वेगळी अपेक्षा करणे चुकीचे ठरेल.

शित्झू आणि ल्हासा अप्सो या दोन्ही जातींचे मूळ तिबेटकडच्या थंड मुलखात आहे. त्यांचे केस सतत वाढतात, रोज विंचरले नाहीत तर काखेत आणि कानामागे त्यांच्या गाठी होतात, आणि गाठींखालच्या कातडीला ओल धरून खाज सुटते. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेव्हा अंघोळीचे आणि धुण्याचे पाणी कोठून येणार याचा विचार हे कुत्रे घेण्याआधी झालेला बरा. या दोन जातींचे केस मार्चमध्ये आखूड कापून घेता येतात आणि त्याने त्यांना आराम पडतो. पॉमेरियनच्या बाबतीत मात्र तसे करू नये. त्याच्या अंगावर वरचे लांब केस आणि आतली दाट लव असे दोन थर असतात. मशीन फिरवून ते काढले तर कधीकधी पुन्हा नीट येत नाहीत आणि कातडी उन्हाला उघडी पडते.

पॉमेरियनविषयी आणखी थोडे सांगायला हवे, कारण सोलापुरात या नावाने जे पांढरे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी आहे ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असते. खऱ्या पॉमेरियनचे वजन साधारण दोन-तीन किलोच्या आसपास असते, तर इंडियन स्पिट्झ त्याच्या दुप्पट-तिप्पट भरतो. याचा अर्थ तो कमी प्रतीचा आहे असा मुळीच नाही. उलट नाक लांब, पाय बळकट आणि आपल्या हवेत कित्येक पिढ्या काढलेल्या असल्यामुळे पहिल्यांदाच कुत्रे पाळणाऱ्या कुटुंबाला मी बहुतेक वेळा तोच सुचवतो. फक्त तो भुंकतो खूप, त्यामुळे चाळीत किंवा अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्यावे. पॉमेरियनची किंमत देऊन स्पिट्झ घरी येऊ नये, एवढी काळजी घ्यावी लागते आणि तीही आई-बापाला प्रत्यक्ष पाहिले की आपोआप घेतली जाते.

डॅशहंडचे केस आखूड आणि नाक लांब, म्हणून उन्हाळा त्याला तुलनेने सोसतो, पण त्याची पाठ लांब असल्याने मणक्यांमधली चकती सरकण्याचा धोका या जातीत फार मोठा असतो. जुन्या पेठांतल्या वाड्यांचे उभे दगडी जिने ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी याचा दहा वेळा विचार करावा. मिनिएचर पिन्शर काटक आणि चपळ असतो, मात्र फाटकाच्या गजांतून निसटतो. चिवावा तीन किलोंच्या आतबाहेरचा, हाडांनी नाजूक, आणि पिल्लूपणी काही तास उपाशी राहिला तरी रक्तातली साखर उतरून गळून पडू शकतो, म्हणून ज्या घरात पाच-सहा वर्षांची धावती-खेळती मुले आहेत तेथे तो नको. बीगल लहान म्हणून विकला जातो खरा, पण तो दहा किलोंच्या घरातला शिकारी कुत्रा आहे आणि त्याला रोज दमेपर्यंत पळवावे लागते.

येथे एक गोष्ट नेहमी माझ्या मनात येते. आपल्या या कोरड्या पट्ट्यात मूळची वाढलेली कारवानी कुत्री पाहिली तर ती उंच, सडपातळ आणि लांब नाकाची असतात. या मुलखाने आपल्या हवेला साजेसे कुत्रे केव्हाच घडवून ठेवले आहे. आपण दूरदेशीची लहान जात घरात आणतो तेव्हा हवेचा भार त्या जिवावर पडतो, आणि तो हलका करण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली असते.

‘टीकप’ नावाची कोणतीही जात नाही. एखाद्या जातीची सर्वांत खुजी, अशक्त पिल्ले किंवा वयाआधीच आईपासून तोडलेली पिल्ले त्या नावाने दुप्पट किमतीला विकली जातात. असा शब्द वापरणाऱ्या विक्रेत्याशी पुढचे बोलणे करू नये.

कायदा काय सांगतो

केंद्र सरकारने २०१७ मध्ये श्वान प्रजनन व विक्रीसंबंधी नियम लागू केले आहेत आणि त्यांचा आधार १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. विकण्याआधी पिल्लाला लस द्यावी लागते आणि मायक्रोचिप बसवावी लागते. मादी अठरा महिन्यांची होण्याआधी तिला नराकडे नेता येत नाही, बारा महिन्यांत तिचे एकाहून अधिक बाळंतपण होता कामा नये, सगळ्या आयुष्यात पाचांहून अधिक वेळा तिला पिल्ले होऊ देता येत नाहीत, आणि आठ वर्षांनंतर तिचे प्रजनन पूर्ण थांबवावे लागते. आठवडी बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला टोपलीत पिल्ले मांडून विकण्यासही मनाई आहे.

हे आकडे पाठ करून जाण्याचे कारण असे की त्यांवरून प्रश्न तयार होतात. मादीचे वय काय, मागच्या वेळी ती कधी व्याली, आजवर किती वेळा व्याली, हे तीन प्रश्न सहज गप्पा मारल्यासारखे, थोड्या थोड्या अंतराने विचारावेत. ज्याच्याकडे मादीची नोंदवही आहे तो वही उघडून दाखवतो. ज्याला उत्तर आठवावे लागते, किंवा दोन वेळा विचारल्यावर ज्याचे उत्तर बदलते, त्याच्याबद्दल आपल्याला जे कळायचे ते कळलेले असते.

नोंदणीचे प्रमाणपत्र आणि केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विक्रेते अनेकदा एकाच्या जागी दुसरे दाखवतात. मंडळाची नोंदणी म्हणजे प्रजननाची कायदेशीर परवानगी. चेन्नईतील केनेल क्लब देतो तो वंशावळीचा दाखला. त्यावर पिल्लाच्या मागच्या पिढ्यांची नावे आणि मायक्रोचिपचा क्रमांक असतो. ‘केसीआय पेपर आहे’ एवढे ऐकून पिल्लू निरोगी असेल असे समजू नये, कारण त्या कागदाने फक्त वंश कळतो. मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, ती खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवतात, आणि तिचा पंधरा आकडी क्रमांक स्कॅनरवर वाचता येतो. कागदावरचा आकडा आणि स्कॅनरवरचा आकडा आपल्या डोळ्यांसमोर जुळवून घ्यावा.

मादीची भेट

जुळे सोलापुरातल्या एका घरी मी एका स्नेह्याबरोबर डॅशहंडचे पिल्लू पाहायला गेलो होतो. दार उघडणाऱ्या आजींनी आम्हाला पाणी दिले, हातपाय धुवायला लावले आणि म्हणाल्या, “पिल्लं कुठं पळून जात नाहीत. आधी त्यांच्या आईला भेटा. ती तुम्हाला जवळ येऊ देते का, ते बघू.” स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फळ्यांचा कठडा करून त्यात जुनी चादर घातलेली होती. आम्ही जमिनीवर बसलो. तांबूस रंगाची ती मादी कठड्यावरून बाहेर आली, तिने आमच्या पायांचा वास घेतला, एकदा मालकिणीकडे पाहिले आणि स्नेह्यांच्या मांडीला टेकून बसली. तिची आचळे अजून ओघळलेली होती, पोटावरचे केस विरळ झाले होते, पण डोळे स्वच्छ होते, नखे कापलेली होती आणि ओठ उचलून पाहिले तर दात पांढरे होते. इतक्यात गॅसवरच्या कुकरची शिटी झाली. पाचही पिल्लांपैकी एकानेही अंग चोरले नाही. जन्मल्यापासून ती शिटी त्यांच्या कानावर पडत होती.

त्या अर्ध्या तासात आजींनीच आम्हाला अधिक प्रश्न विचारले. दुपारी घरी कोण असते, जिना किती पायऱ्यांचा आहे, गच्चीला कठडा आहे का, घरात आधी कुत्रे होते का आणि ते कशाने गेले, गावाला गेलात तर त्याला कोण पाहणार. स्नेह्यांच्या घराला उभा जिना आहे हे कळल्यावर त्यांनी कुत्रे खालच्या मजल्यावरच ठेवण्याचे कबूल करून घेतले. पिल्ले तेव्हा सहा आठवड्यांची होती. पैसे पुढे केले तरी त्यांनी त्या दिवशी पिल्लू दिले नाही आणि आठ आठवडे पूर्ण झाल्यावर या, असे सांगितले. चांगला ब्रीडर कसा असतो असे कोणी विचारले की मला त्या कोपऱ्यातला तो कठडा आठवतो.

याच्या उलट प्रकारही मी पाहिले आहेत. काही जण आई ‘शेतावर आहे’ किंवा ‘डॉक्टरकडे आहे’ असे सांगतात. काही जण त्याच जातीची भलतीच मादी आई म्हणून पुढे करतात. ते ओळखणे फार अवघड नाही. सहा-सात आठवड्यांपूर्वी व्यालेल्या मादीची आचळे मोठी दिसतात, आणि पिल्ले सोडली की ती लगेच तिच्या पोटाखाली शिरतात. जी मादी पिल्ले जवळ येताच अनोळखी जनावराकडे पाहावे तशी गुरगुरते किंवा दूर सरते, ती त्यांची आई असण्याची शक्यता कमी. बाप अनेकदा दुसऱ्याच्या घरचा असतो, त्यामुळे तो हजर नसला तर शंका घेऊ नये. मात्र त्याचा फोटो, वजन आणि मालकाचे नाव ब्रीडरला सांगता आले पाहिजे.

जागेचा वास हीसुद्धा एक खूण आहे. मुताचा उग्र वास येत असेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे फिनेलचा इतका तीव्र वास येत असेल की आताच काहीतरी झाकले आहे असे वाटावे, तर पिल्लांना हात न लावता परतावे. एकाच आवारात सात-आठ जातींची पिल्ले असतील तर तो विक्रेता बहुधा स्वतः प्रजनन करत नसतो, वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करून विकतो, आणि अशा ठिकाणी एका पिल्लाचा रोग सगळ्यांना होतो. पिंजऱ्याच्या जाळीवरच उभ्या राहणाऱ्या माद्यांचे पंजे पसरलेले आणि तळवे सुजलेले दिसतात. तेवढ्यावरूनही त्यांचे दिवस कसे जातात ते कळते.

लहान जातींत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा दोष पुष्कळ आढळतो आणि तो आई-बापाकडून येतो. मादी चालताना मध्येच एखादे पाऊल मागचा पाय वर उचलून टाकते का, ते लक्ष देऊन पाहावे. पशुवैद्य हातानेच गुडघा तपासून हा दोष सांगू शकतात, म्हणून ‘आई-बापाचे गुडघे तपासले आहेत का’ हा प्रश्न अवश्य विचारावा. खरा ब्रीडर या प्रश्नाने खूश होतो.

बसने येणारे पिल्लू

सोलापूर पुणे-हैदराबाद महामार्गावर असल्यामुळे दोन्हीकडून येणाऱ्या खासगी बसमधून पिल्ले पाठवण्याचा प्रकार येथे सर्रास चालतो. फोनवर फोटो यायचा, अर्धे पैसे आधी पाठवायचे, आणि पहाटे बसच्या डिकीतून किंवा क्लीनरच्या पायाशी ठेवलेल्या टोपलीतून पिल्लू उतरवून घ्यायचे. मीही एकदा असेच पिल्लू मागवले होते. मे महिना होता, टोपलीवर ओले पोते होते आणि आत पगचे पिल्लू स्वतःच्या घाणीत बसलेले होते. पन्नास दिवसांचे म्हणून सांगितलेले ते पिल्लू हातात घेतल्यावर ओंजळभरही नव्हते. दोन दिवस ते खात-खेळत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने अन्नाकडे पाहिले नाही, पिवळा फेस ओकला, आणि संध्याकाळपर्यंत रक्ताचे जुलाब सुरू झाले. त्या जुलाबाचा वास ज्याने एकदा घेतला तो पुन्हा विसरत नाही. पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग, होता. सलाइन लावून आम्ही तीन रात्री जागलो, तरी ते वाचले नाही. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.

विक्रेत्याचे उत्तर एवढेच होते की पिल्लू आमच्याकडून चांगले गेले, तुमच्याकडे आल्यावर आजारी पडले. पण पार्व्होचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, म्हणजे टोपली बसमध्ये चढली तेव्हाच रोग त्याच्या अंगात असण्याची शक्यता मोठी होती. हे मला तेव्हा माहीत असते तर मी निदान ठामपणे बोललो असतो. पुढे आणखी एक गोष्ट कळली. हा विषाणू फिनेलने मरत नाही आणि घराच्या फरशीवर, अंगणाच्या मातीत कित्येक महिने टिकतो. एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण करून, फरशी दहा मिनिटे ओली ठेवून आम्ही घर धुतले आणि वर्षभर दुसरे पिल्लू आणले नाही. म्हणून ज्यांच्या घरी नुकताच असा मृत्यू झाला आहे, त्यांनी लगेच दुसरे लहान पिल्लू आणून मन रमवण्याचा प्रयत्न करू नये.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की न पाहता पिल्लू मागवायचे नाही, आणि पाहायला जाण्याआधी एक रुपयाही पाठवायचा नाही. पुणे जवळपास अडीचशे किलोमीटर आहे, सकाळी निघून रात्री परत येता येते. ज्या जिवाबरोबर बारा-पंधरा वर्षे काढायची आहेत त्याच्यासाठी एक दिवस देणे जड वाटत असेल तर पिल्लू घेण्याचा विचारच पुढे ढकलावा.

पिल्लू हातात घेतल्यावर

सगळी भावंडे एकत्र असतानाच पाच-दहा मिनिटे नुसते पाहत बसावे. सर्वांच्या अंगावर चढणारे पिल्लू धीट वाटते आणि कोपऱ्यात बसलेल्याची दया येते. पहिल्यांदा पाळणाऱ्याने या दोन्ही टोकांऐवजी मधले, म्हणजे आधी थोडे बिचकून मग आपणहून जवळ येणारे पिल्लू निवडावे. मागे टाळी वाजवली तर त्याने कान टवकारावेत किंवा वळून पाहावे. जेवणाआधीही पोट ढोलासारखे फुगलेले असेल तर बहुधा जंत झालेले असतात. बेंबीजवळ मऊ फुगवटा असेल तर तो अंतर्गळ असू शकतो आणि पुढे शस्त्रक्रिया लागू शकते. शेपटीखालचे केस चिकटलेले नसावेत, हिरड्या गुलाबी असाव्यात, कानाला आंबूस वास नसावा, आणि कानामागे व बोटांच्या बेचक्यांत गोचीड नसावेत. आपल्या भागात गोचीडतापाने कुत्री दगावतात, त्यामुळे हे शेवटचे तपासायला विसरू नये.

वय ओळखण्यासाठी तोंड उघडून पाहावे. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास फुटू लागतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत सगळे अठ्ठावीस दात येतात. अंगठ्याने ओठ मागे सारून करंगळी गालाच्या आतून मागे न्यावी. दाढांच्या जागी नुसती हिरडीच लागली, किंवा टोचणाऱ्या अणीऐवजी गुळगुळीत उंचवटा लागला, तर समोरचा माणूस साठ दिवस म्हणत असला तरी पिल्लू महिना-सव्वा महिन्याचेच आहे. अतिलहान जातींत दात थोडे उशिरा येतात, म्हणून शंका आल्यास पशुवैद्याला दाखवावे. आठ आठवड्यांची अट निव्वळ कागदी नाही. किती जोराने चावले की दुखते, हे पिल्लू पाचव्या ते आठव्या आठवड्यात भावंडांकडून आणि आईकडून शिकते. महिन्याभराचे असताना तोडलेले पिल्लू पुढे हात धरून चावत राहते आणि घरच्यांना वाटते की जातच रागीट आहे.

लसीकरणाचे कार्ड नीट वाचावे. लशीच्या बाटलीवरची चिकटपट्टी, तारीख, पशुवैद्याची सही आणि नोंदणी क्रमांक यांतले काहीही नसेल तर त्या नोंदीला अर्थ नाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देतात, नंतर दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत ती पुन्हा द्यावी लागते, कारण आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस पुरेशी लागू पडत नाही. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. म्हणून दोन महिन्यांच्या पिल्लाचे ‘सगळे डोस पूर्ण झाले’ असे कोणी सांगितले तर ते खरे असू शकत नाही.

व्यवहार लेखी करावा. पावतीवर पिल्लाची जन्मतारीख, लिंग, रंग, मायक्रोचिप क्रमांक, आई-बापाची नावे आणि ब्रीडरचा नोंदणी क्रमांक असावा. आपल्या पशुवैद्याने दोन-तीन दिवसांत तपासून गंभीर दोष किंवा संसर्ग सांगितला तर पिल्लू परत घेऊन पैसे देण्याची अट त्यातच लिहून घ्यावी. कुत्रे पाळण्याच्या महापालिकेच्या परवान्याची चौकशीही त्याच आठवड्यात करावी.

आणायला जाताना उन्हाळा असेल तर पहाटे निघावे, आणि पिल्लाला डिकीत न ठेवता मांडीवर घ्यावे. ब्रीडर देत असलेलेच खाणे आठवडाभराचे मागून घ्यावे आणि बदल हळूहळू करावा. आणखी एक तयारी मी प्रत्येकाला सुचवतो आणि ती पहिल्याच भेटीत करायची असते. आपल्या सोलापुरी टॉवेलांपैकी एक जुना, धुऊन मऊ झालेला टॉवेल बरोबर न्यावा आणि पिल्लू नेईपर्यंत तो आईच्या अंथरुणात ठेवायला ब्रीडरला सांगावे. जो ब्रीडर कारण न विचारता तो घेऊन मादीच्या पोटाखाली सारतो, त्याला आपल्या जनावरांची जाण आहे असे समजावे. पिल्लू आणण्याच्या दिवशी तो टॉवेल न धुता तसाच परत आणावा आणि पहिल्या रात्री, दिवे मालवल्यावर ते कुंईकुंई करू लागेल तेव्हा, त्याच्या अंगाखाली घालावा.